आईचं सायनस लिफ्ट, सेडेशन देऊन: कर्वे रोडवरच्या क्लिनिकचा आमचा अनुभव

ज्यांच्या घरात दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की विषयच बदलणारं कोणीतरी आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण आमच्याकडे आई तशी आहे. वय ६३, बीपीची एक गोळी चालू, बाकी ठणठणीत. वरच्या उजव्या बाजूच्या मागच्या दोन दाढा काढून बरीच वर्षं झाली, त्यावेळी काढताना नीट सुन्न झालं नव्हतं आणि तिने ते सगळं सहन केलं, पण त्यानंतर ती कुठल्याच डेंटिस्टच्या पायरीवर चढली नाही. सगळं डाव्या बाजूने चावायची. मग डावीकडची दाढ पण ठणकायला लागली तेव्हा कुठे तयार झाली.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे साध्या एक्स-रेवर बघून लगेच इम्प्लांट टाकू म्हणाले, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दाताची कॅप. इथे आलो तर डॉक्टरांनी पहिल्यांदा सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून आणायला सांगितलं, मला वाटलं वाढीव खर्च आहे, पण स्कॅन कॉम्प्युटरवर लावून दाखवला तेव्हा समजलं की खरा प्रश्न काय आहे ते. वरच्या दाढांच्या अगदी वर, गालाच्या आत हवेची पोकळी असते, तो मॅक्सिलरी सायनस. दाढ गेली की खालून हाड झिजत जातं आणि वरून तो सायनस हळूहळू खाली पसरतो, दोन्ही बाजूंनी हाड कमी. आईचं तिथे जेमतेम ३ मिलिमीटर उरलं होतं आणि नेहमीच्या इम्प्लांटला साधारण ८ ते १० तरी लागतं. म्हणजे तसाच स्क्रू बसवला असता तर तो धरला नसता किंवा सरळ सायनसमध्ये गेला असता. ब्रिज बसवता येईल का विचारलं तर ब्रिजला दोन्हीकडे दात लागतात आणि हिच्या मागे काहीच नाही. कवळीचा पर्याय होता, दादा नाशिकहून फोनवर तेच म्हणत होता की कवळी बसव आणि मोकळी हो, पण ती काढायची-घालायची कवळी आईला अजिबात नको होती.

मग सायनस लिफ्ट. जबड्याच्या बाजूने, म्हणजे गाल आणि हिरडीच्या मधून, हाडाला एक छोटी खिडकी पाडतात, आतला सायनसचा पडदा न फाडता हलकेच वर उचलतात आणि त्याच्याखाली जी जागा होते तिथे हाडाची पावडर भरतात. तो पडदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो असं डॉक्टरांनी आईला सांगितलं, आणि हे पण सांगितलं की या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारा त्रास म्हणजे तो पडदा फाटणं, छोटी फट असली तर तिथल्या तिथे झाकता येते, मोठी असली तर टाके घालून थांबायचं आणि काही महिन्यांनी परत. म्हणून ते पिएझो मशीन वापरतात, ते कंपनांनी हाड कापतं पण मऊ भागाला सहसा इजा करत नाही. आधीच हे असं स्पष्ट सांगणारे डॉक्टर मला तरी फार भेटलेले नाहीत. हाड ५-६ मिलिमीटर असतं तर इम्प्लांटच्याच भोकातून थोडंसं उचलून त्याच दिवशी स्क्रू पण बसवता आला असता, आईच्या बाबतीत ते शक्य नव्हतं, त्यामुळे आधी हाड आणि सहाएक महिन्यांनी इम्प्लांट. दादाला हे सगळं नवीन फॅड वाटत होतं, त्याला मी सांगितलं की बॉयन आणि जेम्स यांनी या पद्धतीवर १९८० साली लिहिलंय, चाळीस वर्षांहून जास्त झाली.

आता ज्या गोष्टीसाठी मी या क्लिनिकला मनापासून पाच स्टार देते ती सांगते. आई माळकरी आहे. आम्ही काही विचारायच्या आधीच डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि म्हणाले, काकू, हाडाची जी पावडर जगभर सगळ्यात जास्त वापरतात ती गुरांच्या हाडापासून बनते, प्रक्रिया करून निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यावर अभ्यासही भरपूर झालेला आहे, पण तुम्हाला चालणार आहे का ते तुम्ही सांगा. आई एकदम गप्प. मग म्हणाली, नाही हो डॉक्टर, ते नको. तर ते लगेच म्हणाले ठीक आहे, आणि एकही आढेवेढे न घेता दुसरे पर्याय सांगितले. एक म्हणजे तिच्याच जबड्यातून दुसरीकडून हाड घ्यायचं, त्याला आणखी एक जखम. दुसरा कारखान्यात तयार होणारा, हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचं मिश्रण, कॅल्शियमचीच संयुगं, त्यात प्राण्याचं काही नाही. आईने तो निवडला. आणि पुढची गोष्ट तर मला माहीतच नव्हती, ती खिडकी झाकायला वरून जी कोलॅजेनची पट्टी लावतात ती पण डुकराच्या किंवा गुरांच्या कातडीतून वगैरे येते. ती पण टाळायची तर तिच्याच रक्तातून पीआरएफ (रक्त फिरवून मिळणारी जेलीसारखी गुठळी) काढून त्याची पट्टी लावू म्हणाले. किती लोकांच्या तोंडात हे न सांगता घातलं जात असेल! पुण्यात एवढी माळकरी, जैन, शाकाहारी घरं आहेत, हा प्रश्न प्रत्येक क्लिनिकने पेशंटच्या आधी स्वतःहून काढायला पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे. तुम्ही कुठेही करा, विचारा. पावडर कशाची आणि पट्टी कशाची, दोन्ही.

पीआरएफ कसं करतात ते मी बघितलं. ऑपरेशनच्या थोडं आधी हातातून नळ्यांमध्ये रक्त घेतलं, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं आणि बाहेर काढलं तर खाली लाल भाग आणि वर पिवळसर जेलीसारखी गुठळी. असिस्टंटने ती चिमट्याने उचलून लाल भाग कापून टाकला आणि एका स्टीलच्या डबीत जाळीवर ठेवून वरून झाकण दाबलं, पाणी निथळून गेलं आणि चपटी, चिवट पट्टी तयार झाली. त्यात बाहेरचं काहीही मिसळत नाहीत. आईला दाखवलं, ती म्हणाली माझंच आहे ना, मग झालं.

सेडेशनबद्दल. आई नुसतं सुन्न करून ऑपरेशन करायला तयारच नव्हती आणि सुरुवातीला मलाही वाटलं की एवढ्यासाठी भूल कशाला. पण ही पूर्ण भूल नसते, श्वास स्वतःचा स्वतः चालू असतो, हाक मारली की पेशंट ओ देतो, फक्त भीती जाते आणि नंतर फारसं आठवत नाही. सुन्न करायचं इंजेक्शन तर द्यावंच लागतं, ते झोप लागल्यावर देतात. यांच्याकडे नाकातून द्यायचा नायट्रस ऑक्साइडचा गॅस पण आहे, तो काही मिनिटांत उतरतो, पण वरच्या जबड्याचं लांबलेलं काम आणि त्यात नाकावर मास्क, त्यापेक्षा शिरेतून दिलेलं बरं असं ठरलं. मुख्य म्हणजे शिरेतून द्यायला वेगळे ॲनेस्थेटिस्ट येतात. ऑपरेशन करणारा डॉक्टर एका हाताने ड्रिल धरून दुसऱ्या डोळ्याने पल्स बघणार असेल तर मी आईला तिथे सोडणार नव्हते, आणि तुम्हीही सोडू नका.

ॲनेस्थेटिस्ट मॅडम आदल्या दिवशी फोनवर आणि त्या दिवशी प्रत्यक्ष बोलल्या. घोरता का, दमा आहे का, याआधी भूल घेतली होती का, कुठला दात हलतोय का, तोंड किती उघडतं. रक्त, साखर, ईसीजीचे रिपोर्ट बघितले. आधी ६ तास पोटात काही नाही आणि दूध, दुधाचा चहासुद्धा नाही, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. नेमकी तारीख एकादशीला आली होती आणि आई म्हणाली नाहीतरी उपासच आहे, मी सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी खाऊन येते. मॅडमनी हसून पण स्पष्ट नाही सांगितलं, का नाही ते पण सांगितलं, की झोपेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. मग आईने काही वाद घातला नाही.

टेबलवर झोपल्यावर छातीला ईसीजीच्या चकत्या, बोटाला क्लिप (नेलपॉलिश लावून जाऊ नका), दंडाला बीपीचा पट्टा, नाकाला ऑक्सिजनची नळी. माळ काढायची का विचारलं तर मॅडम म्हणाल्या राहू दे काकू, मध्ये येत नाहीये. मिडाझोलॅम, म्हणजे गुंगीचं औषध, हळूहळू दिलं, मध्ये नातवाचं नाव विचारलं, तो काय करतो विचारलं, आई सांगत होती आणि सांगता सांगता जीभ जड झाली. तोवर मी तिथेच हात धरून उभी होते, मग मला बाहेर बसवलं. औषध जास्त झालं तर उतरवायचं औषध, फ्लुमाझेनिल, ट्रेमध्ये काढून ठेवलेलं होतं, हे मी विचारल्यावर मॅडमनी दाखवलं आणि विचारल्याचा राग मानला नाही. सव्वा-दीड तास लागला. पडदा फाटला नाही. बाहेर आणल्यावर आई अर्धवट गुंगीत, तासभर तिथेच झोपवून ठेवलं, पाणी पाजून, उभं करून, दोन पावलं चालवून मगच सोडलं. संध्याकाळी तिला इंजेक्शन टोचलेलं सुद्धा आठवत नव्हतं. ज्या बाईने इतकी वर्षं त्या एका जुन्या आठवणीपायी डॉक्टर टाळला तिच्याकडे या वेळेची वाईट आठवणच नाही, याची किंमत मला पैशात नाही सांगता येणार.

नंतरची पथ्यं कागदावर मराठीत छापून दिली होती आणि ती इतकी आपल्या घराला धरून होती की वाचूनच बरं वाटलं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून शिंकायचं. स्ट्रॉ नाही, म्हणजे शहाळं आणलंत तर ग्लासात ओतून. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती बंद, शंख वाजवायचा नाही. का, तर नाकातला दाब वाढला की आत भरलेलं सगळं हलू शकतं. आई रोज सकाळी गच्चीवर कॉलनीतल्या बायकांबरोबर कपालभाती करते, हे लिहिलेलं नसतं तर तिने चौथ्या दिवशी नक्की सुरू केलं असतं. विमानप्रवास पण काही आठवडे टाळायचा. खाली वाकून जड काही उचलायचं नाही, झोपताना दोन उशा. अँटिबायोटिक, सूज-दुखण्याच्या गोळ्या, नाकात घालायचे थेंब, क्लोरहेक्सिडिनने हलकेच चूळ. मऊ खिचडी, कोमट शिरा, ताक-भात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरपूर आली, डोळ्याखालपासून गालापर्यंत, मग निळं-पिवळं होत खाली उतरली. दुखलं मात्र खरंच कमी, दाढ काढल्यावर दुखलं होतं त्यापेक्षा कमी असं आई म्हणते.

आता तक्रारी. पहिली पैशाची. आम्हाला दिलेल्या एस्टिमेटमध्ये सायनस लिफ्ट मटेरियलसकट ४५,००० होतं, ॲनेस्थेटिस्टची फी ९,००० वेगळी आहे हे आदल्या दिवशी कळलं. फी योग्यच आहे, मी एक रुपयाही कमी करा म्हणणार नाही, पण पहिल्या कागदावर यायला पाहिजे होती. इम्प्लांट आणि कॅपचे वेगळे, स्कॅन वेगळा, आणि आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसलं नाही, तुमची पॉलिसी आधी वाचून घ्या.

दुसरी जास्त महत्त्वाची. दुसऱ्या रात्री आईच्या नाकातून थोडं रक्त आलं आणि क्लिनिकचा नंबर कोणी उचलेना. मी घाबरून वाजवत राहिले. शेवटी पथ्यांच्या कागदामागे डॉक्टरांनी पेनने लिहिलेला मोबाईल नंबर सापडला, त्यांनी लगेच उचलला, डोकं उंच ठेवा, थोडं येतं आणि थांबतं म्हणाले, आणि थांबलं पण. काय झालं तर तडक यायचं ते तेव्हा फोनवर सांगितलं: नाकातून पांढरे कण येणं, घाण वास किंवा चव, प्यायलेलं पाणी नाकातून येणं, ताप, किंवा रक्त न थांबणं. हे सगळं आणि रात्रीचा नंबर, दोन्ही त्या कागदाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा, एवढी एकच विनंती आहे, मी तिथे बोलून पण आलेय.

सहा महिन्यांनी परत स्कॅन केला तर ३ चे ११ मिलिमीटर झालेले. इम्प्लांट गेल्या महिन्यात बसवले, यावेळी आईनेच सांगितलं की झोपवू नका, नुसतं सुन्न करा, मला बघायचंय काय करता ते. कॅप अजून तीन-चार महिन्यांनी, हाडाने स्क्रू धरला की. तोपर्यंत उजवीकडे चावणं बंदच आहे आणि ती ते नीट पाळतेय.

जाणाऱ्यांसाठी: पार्किंग जवळपास नाहीच, मेट्रोने नळस्टॉपला उतरून चालत जाता येतं. सेडेशनच्या दिवशी मात्र येताना कॅब किंवा रिक्षा करा आणि बरोबर घरचं माणूस पाहिजेच, त्याशिवाय ते सोडत नाहीत. पेशंटला स्कूटरवर मागे बसवून आणू नका, गुंगी घरी पोचेपर्यंत असते. २४ तास तिला गॅसपाशी, जिन्यावर एकटं सोडू नका आणि कुठल्या कागदावर सही घेऊ नका असंही मॅडमनी सांगितलं होतं.