गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ : परसबागेतल्या मृत पक्ष्याची दखल घेणारी सेवा

ब्रिटनमध्ये घराच्या बागेत एखादा पक्षी, बेडूक, साप किंवा हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा सस्तन प्राणी) आजारी अथवा मेलेला आढळला, तर त्याची खबर द्यायची कोणाला, या प्रश्नाला माझ्या अनुभवात सर्वांत समाधानकारक उत्तर ‘गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ’ या सेवेने दिले आहे. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीची संशोधन संस्था, पक्ष्यांचा अभ्यास करणारा ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी, पक्षीसंरक्षणाचे काम करणारी आरएसपीबी आणि उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी झटणारी फ्रॉगलाइफ या चार संस्थांनी मिळून 2013 मध्ये ती सुरू केली. तिच्या खर्चाचा काही भार सरकारच्या वन्यजीव-रोग योजनेतून उचलला जातो. सेवा विनामूल्य आहे. पशुवैद्यकाचे शिक्षण महाराष्ट्रात घेऊन पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली आणि बागेत पक्ष्यांना दाणे ठेवणारी एक वापरकर्ती म्हणून मी हे परीक्षण लिहीत आहे. इथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या बागांत दाण्याचे फीडर टांगलेले दिसतात, परंतु या सेवेचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्या जणांच्या कानावर गेलेले असते.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. संकेतस्थळावर नाव नोंदवून एक अर्ज भरायचा असतो. कोणता प्राणी, किती, कुठे आणि कधी दिसला, मेलेला होता की आजारी, आजारी असल्यास कसा वागत होता, अशी माहिती द्यायची आणि छायाचित्र असल्यास जोडायचे. प्राण्याची जात नक्की ओळखता आली नाही तरी अडत नाही, कारण छायाचित्र पाहणारी व्यक्ती या कामात मुरलेली असते. अर्ज वाचणारे वन्यजीव-पशुवैद्यक सांगितलेल्या लक्षणांवरून कोणत्या रोगाची शक्यता अधिक आहे ते ठरवतात, आणि प्रकरण तपासण्याजोगे वाटले तर शवविच्छेदनासाठी मृत प्राणी पाठवायला सांगतात. तो हाताळायचा कसा, गुंडाळायचा कसा, याच्या सूचना त्यांच्याकडून मिळतात, आणि त्या सूचना येण्यापूर्वी स्वतःहून काहीही टपालात टाकू नये.

प्रत्येक मृत पक्षी मागवला जात नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. मी केलेल्या नोंदींपैकी बहुतेकांना उत्तर आणि सल्ला मिळाला, शवविच्छेदन थोड्यांचेच झाले. त्यामागचे शास्त्रीय कारण मला पटते. काही रोगजंतू यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात ते राहतात तो प्राणी, मेल्यानंतर फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे कलेवर ताजे नसेल तर तपासणीतून निघणारे ‘आढळले नाही’ हे उत्तर दिशाभूल करू शकते. शिवाय मांजराने मारलेल्या किंवा काचेवर आपटलेल्या पक्ष्यांवर प्रयोगशाळेची मर्यादित शक्ती खर्च करण्यापेक्षा, एकाच बागेत काही दिवसांत अनेक पक्षी पिसे फुगवून, सुस्तावून बसलेले दिसले असतील तर त्यांच्याकडे आधी वळणे योग्यच आहे. मात्र ज्यांची कलेवरे मागवली जात नाहीत, त्या नोंदीही वाया जात नाहीत. कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत, कोणत्या जातीचे किती मृत्यू कळवले गेले याचा नकाशा त्यांतूनच तयार होतो.

अशा नोंदींची किंमत किती असते, हे ग्रीनफिंच या हिरवट-पिवळ्या, जाड चोचीच्या छोट्या पक्ष्याच्या बाबतीत दिसून आले. कबूतरवर्गीय पक्ष्यांच्या घशात आढळणारा ट्रायकोमोनास गॅलिनी हा एकपेशीय परजीवी पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून माहीत होता. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या ग्रीनफिंच आणि त्याच्याच फिंच कुळातल्या चॅफिंच या पक्ष्यांमध्ये त्याने होणारा रोग साथ म्हणून प्रथम दिसू लागला. घशात आणि अन्ननलिकेत गाठी येतात, गिळता येत नाही, चोचीभोवतीची पिसे ओली राहतात, आणि दाण्यांच्या ढिगाशेजारी बसलेला पक्षी उपासमारीने मरतो. 2006 मध्ये इंग्लंडच्या मध्य आणि पश्चिम भागांत मोठी साथ आली, 2007 मध्ये ती पूर्वेकडे सरकली. ब्रिटनमधली ग्रीनफिंचची प्रजननक्षम संख्या सुमारे 43 लाखांवरून 2009 पर्यंत सुमारे 28 लाखांवर उतरली, आणि 2021 मध्ये हा एके काळचा नित्य परिचयाचा पक्षी तिथल्या संवर्धनाच्या ‘लाल’, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या, यादीत गेला.

हे आकडे आपल्यापर्यंत पोहोचले, याचे कारण त्या वेळी दोन प्रकारच्या नोंदी एकत्र बघण्याची सोय होती. एकीकडे या सेवेच्या पूर्वसुरी असलेल्या ‘गार्डन बर्ड हेल्थ’ उपक्रमाकडे लोक आजारी पक्षी दिसेल तेव्हा कळवत होते. दुसरीकडे ऑर्निथॉलॉजी ट्रस्टचे स्वयंसेवक आपापल्या बागेत आठवड्यागणिक कोणते पक्षी किती आले याची नोंद ठेवत होते, मग पक्षी आजारी असोत वा निरोगी. नुसत्या मृत्यूंच्या खबरीवरून रोग पसरला की लोकांचे लक्ष वाढले, हे सांगता येत नाही. निरोगी पक्ष्यांची मोजदाद सोबत असली की ते सांगता येते. म्हणूनच, ज्या भागांत रोगाचे प्रमाण सर्वाधिक होते तिथे एका वर्षात ग्रीनफिंचची संख्या 35 टक्क्यांनी आणि चॅफिंचची 21 टक्क्यांनी घटली, असे संशोधकांना ठामपणे मांडता आले. पुढे हाच रोग स्कँडिनेव्हियात उगवला, तेव्हा स्थलांतर करणाऱ्या चॅफिंचबरोबर तो उत्तर समुद्र ओलांडून गेला असावा, हा निष्कर्षही याच मालिकेतल्या कामातून निघाला. रोगसर्वेक्षणाची इतकी नेटकी साखळी वन्यपक्ष्यांच्या बाबतीत जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल, असे माझे मत आहे.

सल्ल्याच्या बाजूने पाहिले तर सेवेची रोगवार माहितीपत्रके हा तिचा सर्वांत उपयुक्त भाग आहे. भाषा साधी आहे, छायाचित्रे स्पष्ट आहेत आणि प्रत्येक पत्रकात त्या रोगाचा माणसाला किंवा पाळीव प्राण्यांना धोका आहे की नाही हे सांगितलेले असते. ट्रायकोमोनासचा माणसाला धोका आढळलेला नाही, साल्मोनेला या जिवाणूचा मात्र माणसाला आणि मांजरांनाही आहे. लहान मुले असलेल्या घरात हा फरक कळणे फार महत्त्वाचे ठरते. फीडर आणि पाण्याची भांडी नियमित धुवावीत, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा वापरावीत, जागा बदलत राहावे, आजारी पक्षी दिसू लागले तर काही आठवडे दाणे बंद करावेत म्हणजे पक्षी पांगतील, असा तो सल्ला आहे. ‘पूर्ण वाळल्यावर’ या अटीमागे कारण आहे. ट्रायकोमोनास हा परजीवी ओलाव्यात तग धरतो, कोरडेपणात मरतो. माझ्या ओळखीतले बरेच जण फीडर धुऊन लगेच भरतात, त्यांना ही एक ओळ मी आवर्जून वाचायला देते.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि त्याला बगल देणे मला योग्य वाटत नाही. पक्ष्यांना दाणे घालण्याच्या सवयीमुळेच वेगवेगळ्या जातींचे पक्षी एका जागी गर्दी करतात, एकाच्या चोचीतून पडलेला ओला दाणा दुसरा उचलतो, आणि कबूतरांचा परजीवी फिंचांपर्यंत पोहोचायला वाट मिळते. या सेवेतली एक भागीदार संस्था, आरएसपीबी, स्वतः पक्षीखाद्य आणि फीडर विकते. अशा स्थितीत सल्ला कितपत निर्भीड राहील, अशी शंका घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. मात्र 2025 मध्ये त्याच संस्थेने ट्रायकोमोनासच्या चिंतेने सपाट पृष्ठभागाच्या फीडरांची विक्री थांबवली. पुरावा आपल्या दुकानाच्या विरोधात जात असतानाही तो मानला गेला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने सेवेवरचा विश्वास वाढवणारी आहे.

पक्ष्यांपलीकडचे कामही मोलाचे आहे. सापांना होणाऱ्या बुरशीजन्य त्वचारोगाचा युरोपातल्या रानटी सापांमधला पुरावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यामागे 2010 ते 2016 या काळात गोळा झालेली मृत सापांची कलेवरे आणि सापांनी टाकलेल्या काती होत्या. ज्यांनी गवतात सापडलेली कात फेकून न देता जपून ठेवली, त्यांचा त्या शोधात वाटा आहे. 2020 च्या उन्हाळ्यात लंडन परिसरात मेलेल्या ब्लॅकबर्ड पक्ष्यांमध्ये उसुतू हा डासांमार्फत पसरणारा, मूळचा आफ्रिकेतला विषाणू ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच आढळला. तपासलेल्या प्राण्यांच्या ऊतींचे नमुने जतन केले जात असल्याने, नवा रोग सापडला की तो खरोखरच नवा आहे की आजवर कोणी शोधलाच नव्हता, हे मागे जाऊन तपासता येते. वापरणाऱ्याला हा साठा दिसत नाही, पण टपालाने पाठवलेल्या एका मृत पक्ष्याचा उपयोग पुढे अनेक वर्षे होऊ शकतो, हे ठाऊक असावे.

आता मर्यादा. सर्वांत पहिली म्हणजे ही उपचारसेवा नाही. जखमी हेजहॉगला वाचवायचे असेल तर जवळचा पशुवैद्य किंवा वन्यजीव बचाव केंद्र गाठावे लागते. बागेतला आजारी पक्षी पाहून अस्वस्थ झालेल्या माणसाला अर्जापेक्षा मदतीची घाई असते. दुसरी मर्यादा व्याप्तीची आहे. कोल्हे, खारी, वटवाघळे यांच्यासाठी इतर व्यवस्था आहेत, आणि नवख्याला ही विभागणी सहज उमगत नाही. बर्ड फ्लूच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. राजहंस, बदके, कुरव किंवा शिकारी पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना हात न लावता सरकारी यंत्रणेकडे कळवायचे असते. 2021-22 च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूने इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या सॉल्वे फर्थ या खाडीच्या किनाऱ्यावर आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरून येणारे बार्नेकल गूज हे हंसवर्गीय पक्षी हजारोंनी मेले, आणि नंतरच्या उन्हाळ्यात समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उद्ध्वस्त झाल्या. अशा वेळी एकाच घटनेसाठी दोन दरवाजे असणे गोंधळाचे ठरते. दोन्हीकडचे अर्ज एका प्रवेशद्वारातून भरता आले तर बरे होईल, असे मला वाटते.

तिसरी मर्यादा अधिक खोलवरची आहे आणि ती कोणत्याही संकेतस्थळाने पूर्ण दूर होणारी नाही. माणूस जिथे बघतो तिथलाच मृत्यू नोंदला जातो. बाग असलेली, फीडर टांगलेली, इंग्रजीत अर्ज भरण्याची सवय असलेली घरे नकाशावर दाट दिसतात. शेतांच्या कडा, दलदली, उंच सदनिकांच्या वस्त्या विरळ दिसतात. झुडपात शिरून मेलेला पक्षी कोणाच्याही नजरेस पडण्याआधी कोल्ह्याने नेलेला असतो. म्हणून या सेवेच्या नकाशावरची रिकामी जागा म्हणजे रोगमुक्त जागा, असा अर्थ काढणे चुकीचे होईल.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सारे परके वाटायचे कारण नाही. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला गोचिडजन्य माकडताप 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात पोहोचला, आणि या रोगात रानात मेलेले माकड हीच पहिली सूचना असते. काजूच्या बागेत पडलेल्या माकडाची खबर वेळेवर दिली गेली, तर गावातल्या माणसांना सावध करायला अवधी मिळतो. जानेवारी 2021 मध्ये मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड इथे मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, आणि 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच5एन1 ने दगावल्याचे भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने निश्चित केले. आपल्याकडे प्रयोगशाळेत निदान करणारी माणसे उत्तम आहेत. कावळा मेलेला पाहणाऱ्या नागरिकाला एक साधा अर्ज, त्यावर एका पशुवैद्यकाचे उत्तर आणि त्याच्या नोंदीचे पुढे काय झाले याची माहिती मिळाली, तर या निदानाची पोहोच कितीतरी वाढेल. त्या दृष्टीने आपल्या पशुसंवर्धन आणि वन विभागांतल्या मंडळींनी गार्डन वाइल्डलाइफ हेल्थचा अर्ज आणि माहितीपत्रके जरूर अभ्यासावीत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना माझी शिफारस निःसंकोच आहे, विशेषतः बागेत दाणे ठेवणाऱ्यांना. खाते आजच उघडून ठेवावे, कारण आजारी पक्षी दिसल्यावर नोंदणीत वेळ घालवावा लागू नये. पक्ष्याजवळ जाण्यापूर्वी दुरूनच छायाचित्र घ्यावे, चोचीचा आणि डोळ्यांचा भाग स्पष्ट यावा. कलेवर उचलायला सांगितले गेल्यास हातमोजे घालावेत किंवा उलटी केलेली प्लास्टिकची पिशवी वापरावी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मुलांना नोंद करायला सोबत बसवावे, कलेवराला मात्र हात लावू देऊ नये. हिवाळ्यात फीडर अधिक वापरात असतो, तेव्हा एक जास्तीचा फीडर घरात ठेवला तर धुतलेला सावकाश पूर्ण वाळवता येतो आणि पक्ष्यांचे खाणेही थांबत नाही.