कुरकुंभच्या सांडपाण्याची तक्रार: अपिलीय प्राधिकरण की हरित न्यायाधिकरण?

समजा, पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याला सांडपाणी प्रक्रियेत बदल करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती दिली. खालच्या अंगाच्या गावाने दाद कुठे मागायची?

संमतीच्या अटीच चुकीच्या असतील, तर जल कायदा, 1974 च्या कलम 28 खाली अपिलीय प्राधिकरण (मंडळाच्या आदेशांविरुद्धची अपिलं ऐकणारं). आदेश कळवल्यापासून 30 दिवस. उशिराला सबळ कारण लागतं. इथे कागद बोलतो. आदेशात रोज किती घनमीटर पाणी सोडायची मुभा आहे आणि सीओडीची (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) मर्यादा किती, ते आधी पाहा (नदीनाल्यात सोडायचं तर सर्वसाधारण मानक लिटरला 250 मिलिग्रॅम). प्रक्रिया केंद्राची क्षमता तीच आणि सोडायचं पाणी जास्त, हा मुद्दा सर्वांत भक्कम. कलम 25(6) प्रमाणे संमतीची नोंदवही बाधित माणसाला पाहता येते. लोक ती मागतच नाहीत.

अटी ठीक, पण ओढ्याला प्रत्यक्षात फेसाळ पाणी येतंय? मग पुण्यातलंच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याच्या कायद्याच्या कलम 14 खाली मुदत सहा महिने, वर फार तर 60 दिवस. नुकसानभरपाई मागितली नाही तर शुल्क 1,000 रुपये.

घोळ होतो तो इथे: संमतीविरुद्धचं अपील थेट न्यायाधिकरणात नेतात. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम 16 ची अपिलाची वाट जल कायद्याच्या कलम 28 च्या निकालानंतरच उघडते, आणि तोवर 30 दिवस उलटलेले असतात. दुसरं, घरच्या बाटलीत भरलेला नमुना जल कायद्याच्या कलम 21 च्या (नमुना कसा घ्यायचा ते सांगणाऱ्या) कसोटीला उतरत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यालाच तो घ्यायला लावा, लेखी अर्जाची पोच ठेवून.