दोघांपुरती उसळ: छोटा कुकर की पातेलं?

अर्धी वाटी राजमा रात्री भिजत घातला की सकाळी वाटीभर होतो, दोघांचं एक जेवण आरामात निघतं. एवढ्याशासाठी पाच लिटरचा कुकर कशाला? दोन लिटरचा काढा. दाण्यांवर दोन बोटं नवं पाणी, एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पंधरा-वीस मिनिटं. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. मध्ये टणक कण लागला तर अजून शिजवा. राजम्याला मी कुकरच सुचवेन. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात आणि ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेलं पातेलं इथे धोक्याचं. भिजवलेलं पाणीही ओतून द्या.

वालाचं मात्र उलट. मोड आणून सोललेली डाळिंबी नाजूक असते, कुकरात जरा जास्त राहिली की तिचा लगदा होतो. तिला जाड बुडाचं पातेलंच हवं. फोडणीवर डाळिंबी परतायची, वर ताटली ठेवून तीत पाणी ओतायचं आणि तेच तापलेलं पाणी लागेल तसं आत घालायचं. डावाने ढवळू नका, पातेलं धरून हलकेच हलवा. थोड्या डाळिंबीला पाणी लवकर आटतं, म्हणून लक्ष हवं. पण अख्खा राहिलेला, तरी जिभेवर विरघळणारा दाणा त्या कष्टांचं चीज करतो.

आमसूल किंवा टोमॅटो दोन्हीकडे दाणा शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो.

चवळीला घाई असेल तर कुकर, नाहीतर पातेलं.