गाय घ्यावी का बकऱ्या? तीन-चार एकरवाल्या घरासाठी दोन्हीचा हिशोब

माझा मामेभाऊ वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) तालुक्यात राहते. तीन एकर कोरडवाहू वावर, एक बोअर, घरी बायको, आई आणि दोन शाळेतली लेकरं. दिवाळीत आला तर दोन दिवस त्याचा एकच विषय, भाऊ गाय घेऊ का बकऱ्या घेऊ. मी आर्वीकडचा, माझ्या कोठ्यात एक जर्सी क्रॉस, एक गवळाऊ (आपल्या भागातली गावठी गाय) आणि आठ बकऱ्या (आमच्याकडे शेळी कोणी म्हणत नाही) बरोबरच आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो, त्याच्यासारखे विचारणारे खूप आहेत.

सगळे पहिले विचारतात लिटर किती देते. लिटरचं नंतर पाहू. आधी हे पाहा की सकाळी पाचला अन् संध्याकाळी पाचला घरी नक्की कोण राहणार आहे, वर्षभर, लग्नसराईत पण, कापूस वेचायच्या दिवसात पण. गाय दोन टाइम पिळावीच लागते. एक टाइम चुकला की कास तटते, कासदाह झाला तर एखादा सड कायमचा जाऊ शकते. आणि क्रॉस गाय घरच्या एकाच हाताला सवय झालेली असते, दुसरा बसला की दूध चढवते. माझ्या घरी ती बायकोच्या हातची आहे, ती माहेरी गेली त्या दोन दिवसात मला सात लिटरच्या जागी साडेचार मिळालं. बकरीचं तसं नाही, पिल्लं सोबत असली अन् तुम्ही एखादा टाइम नाही पिळली तर पिल्लं पिऊन घेतात. पण बकरीला दुसरंच माणूस लागते, दिवसाचे पाच-सहा तास तिच्या मागे फिरणारं. मामेभावाकडे आईचे गुडघे गेलेले, बायको वावरात, तो स्वतः सीझनला ट्रॅक्टरवर जाते. मग चारायला कोण जाईल? हे त्यानं मोजलंच नव्हतं, लेकरं जातील म्हणे. लेकरांची शाळा बुडवून बकऱ्या चारू नका, हे मी त्याला तोंडावर सांगितलं अन् इथंही सांगतो.

आता चाऱ्याचं. दहा लिटरच्या आतली क्रॉस गाय म्हटली तरी रोज वीस-पंचवीस किलो हिरवं, पाच-सहा किलो वाळलं, वरून ढेप-चुनी. खुराकाचा साधा नियम असा की अंग सांभाळायला एक-दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे आठ लिटरच्या गायीला साडेचार किलोच्या आसपास रोजचं खाद्य झालं. आजच्या सरकी ढेपेच्या भावानं गुणा अन् तुमच्या गावात दुधाला जो भाव भेटते त्याच्या बाजूला मांडा, मगच इसार द्या. कुटार (मळणीनंतरचा वाळला भुसा) घरचं, हिरवं घरचं असेल तर गाय परवडते. सगळं विकत असेल तर दूध तुमचं अन् पैसा ढेपवाल्याचा.

पहिले आपल्याकडे ज्वारी होती, कडब्याच्या गंज्या असायच्या. आता सगळीकडे सोयाबीन अन् पऱ्हाटी (कापूस), ज्वारी कोणी पेरत नाही, त्यामुळे वाळलेल्या चाऱ्यात सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, चण्याचं कुटार अन् गव्हांडा (गव्हाचा भुसा) एवढंच राहिलं. यात तुरीचं अन् चण्याचं कुटार बकऱ्या आवडीनं खातात, त्यात पाला असते. गाय नुसत्या सोयाबीन कुटारावर ठेवली तर दूध आटते, म्हणून ज्याला गाय घ्यायची त्यानं आधी धुऱ्याजवळ दहा गुंठे नेपिअर (चाऱ्याचं उंच गवत) किंवा मका लावावा, तो कापणीला आला की मग गाय आणावी. मी उलटं केलं होतं, आधी गाय आणली अन् पहिले चार महिने गावभर हिरवं विकत शोधत फिरलो.

बकरीचं तोंड वरच्या पाल्याला जाते. बोर, बाभूळ, सुबाभूळ, शेवरी, जे गाय तोंडात घेणार नाही त्याच्यावर ती जगते. एका गायीच्या चाऱ्यात पाच-सहा बकऱ्या निघतात असं धरून चाला. (सुबाभूळ एकटंच देऊ नका, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या, जास्त झालं तर केस गळतात.) पण हेच तोंड शेजाऱ्याच्या तुरीवर गेलं तर भांडण. आमच्या गावात बकऱ्यांवरून झालेली भांडणं गायीवरून झालेल्या भांडणांच्या दहापट असतील. आणि जंगलात चराईबंदी असली तर बकरी वनखात्याच्या डोळ्यात पहिले खुपते. पडीक जमीन नसेल, धुरे छोटे असतील, तर चार-पाचच ठेवा अन् बांधून पाला आणून घाला, पंधरा-वीसच्या नादी लागू नका.

पाण्याचा हिशोब मे महिन्याचा करा, श्रावणातला करू नका. दुधाच्या गायीला उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर पाणी प्यायलाच लागते, धुणं वेगळं. बकरीचं पाच-सहा लिटरमध्ये भागते. मामेभावाची बोअर एप्रिलमध्ये दम टाकते, अर्ध्या तासात गुंड भरत नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते तेव्हा क्रॉस गाय काय भोगते ते दुपारी दोनला कोठ्यात उभं राहून पाहा. जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार लोंबते, फासळ्या भात्यासारख्या चालतात, समोरचं कुटार हुंगत पण नाही. मी टिनावर पऱ्हाट्या टाकतो, बाजूनं ओले पोते बांधतो, दिवसातून तीन वेळा अंगावर पाणी मारतो, तरी दूध नऊवरून पाचवर येतेच. त्याच कोठ्यात गवळाऊ निवांत रवंथ करते. बकऱ्या कडुनिंबाखाली सावलीत बसून राहतात, काही वाटत नाही त्यांना. त्यांचा वैरी पावसाळा. ओली जमीन, चिखल, गळकं छप्पर मिळालं की खूर सडतात, पिल्लांना निमोनिया होते, जंत तर होतातच. बकरीला सावली कमी असली तर चालते, खालची जागा मात्र कोरडी पाहिजे, एका बकरीमागे दहा चौरस फूट जागा धरा अन् जमीन उंच करा किंवा बल्ल्यांचा माचा करा.

आता दूध. जर्सी क्रॉस आपल्या भागात आठ-दहा लिटर धरा, त्याच्यापेक्षा जास्त सांगणाऱ्याकडून लगेच घेऊ नका. गवळाऊ दोन-तीन लिटर, ते पण वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. गवळाऊ ही आपल्या वर्ध्याचीच जात, नंद गवळ्यांनी सांभाळलेली, हेटीकुंडीला तिचं सरकारी फार्म आहे. तिचं मोल बैलात होतं, तिचा गोऱ्हा डवरणीला (उभ्या पिकातल्या कोळपणीला) हलका अन् चपळ चालते. घरी बैलजोडीनं शेती करत असाल तर गवळाऊचा विचार जरूर करा, नुसत्या दुधासाठी नका करू. बेरारी किंवा उस्मानाबादी बकरी पिल्लांचं पिऊन झाल्यावर अर्धा ते एक लिटर देते, तीन-चार महिने. दोन बकऱ्या आगेमागे व्यायल्या की घरच्या चहाचं अन् लेकरांच्या दुधाचं भागते. विकायला मात्र आमच्या भागात तरी संकलन केंद्रावर बकरीचं दूध घेत नाहीत. गायीच्या दुधाला ३.५ फॅट अन् ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) धरून भाव निघते, कमी बसलं की पैसे कापतात, पण दर दहा दिवसांनी पैसा येते. किराणा, लाइट बिल, शाळेची फी या पैशावर चालते. पहिल्या वर्षी मी ज्या केंद्रावर घालायचो तिथं माझ्या दुधाला रोज ३.२ च फॅट लागायचं, मी स्वतः दुसरीकडे तपासून आणलं तर ३.७, तेव्हापासून मी पावती घेतल्याशिवाय कॅन सोडत नाही.

बकरीचा पैसा दुधात नाही, पिल्लात आहे. गाभण राहून पाच महिन्यात विते, बरेचदा जुळी, नीट सांभाळली तर दोन वर्षात तीन वेत. गायीला नऊ महिने नऊ दिवस, अन् दोन वेतात वर्ष-सव्वा वर्ष जातेच, त्यात दोन महिने भाकड. कालवड घरची वाढवली तर क्रॉस असली तरी दूध द्यायला अडीच-तीन वर्षं, गावठी असेल तर चार. बकरीची पाठ (मादी पिल्लू) दीड वर्षाच्या आत आई होते. आणि अडचणीत बकरी विकायला फोन केला की संध्याकाळी पैसे हातात. गेल्या सालच्या जूनमध्ये बियाण्याला पैसे कमी पडले तेव्हा मी दोन बोकड काढले, सावकाराच्या दारात जावं लागलं नाही. विकताना वजनावर विका, नजरेवर सौदा केला की व्यापाऱ्याची नजर आपल्यापेक्षा तेज असते. बकरी ईदच्या आधी धडधाकट, शिंगं-कान शाबूत असलेल्या बोकडाला वेगळाच भाव येते, त्या हिशोबानं राखून ठेवता आला तर ठेवा.

गायीत हे मोकळेपण नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर पण बंदी आहे, गायीच्या आधीच होती. क्रॉसचा गोऱ्हा कामाला चालत नाही, कोणी घेत नाही, म्हातारी गाय पण दावणीलाच राहते. ज्याला गाय घ्यायची त्यानं ही जबाबदारी धरूनच घ्यावी, नंतर मोकाट सोडून गावाच्या पिकात घालू नये. आता लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा मिळतात, त्यानं बहुतेक कालवडीच होतात, दवाखान्यात विचारा, पण त्या एका खर्चात गाभण राहतेच असं नाही, दोनदा उलटू पण शकते.

खताचं राहिलंच. गाय दहा-पंधरा किलो शेण रोज टाकते, त्यावर घरचा गोबरगॅस चालते, माझ्या तीन एकराला उन्हाळ्यात खताच्या बंड्या त्यातूनच भरतात. लेंडी खत थोडं निघते पण जोरकस, मिरची-भाजीच्या वाफ्याला त्याच्यासारखं काही नाही.

रोगाचं मी जरा जास्तच लिहितो कारण नुकसान तिथंच होते. २०२२ ला लम्पी आला तेव्हा गायीच्या अंगावर गाठी, पाय सुजलेले, बाजार बंद, आणि गायींना टोचली ती बकरीच्या देवीची लस, गोट पॉक्सची, कारण दोन्ही विषाणू एकाच घरातले. बकऱ्यांना लम्पी झाला नाही. बकऱ्यांचा काळ म्हणजे पीपीआर (बकऱ्यांचा प्लेग) अन् आंत्रविषार (आतड्यात विष होणारा रोग). पीपीआर घुसला तर आठातल्या पाच जाऊ शकतात, म्हणून त्याची लस तीन वर्षांतून एकदा अन् आंत्रविषाराची दरसाल पावसाळ्याआधी चुकवू नका. गायीला लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्या पावसाळ्याआधी. गाय एक मेली की सगळं गेलं, बकरी एक मेली तरी सात राहतात, पण बकरी जाते लवकर, डॉक्टर येईपर्यंत कधीकधी संपलेलं असते.

माझी काळी बकरी अशीच गेली. ऑक्टोबरात अंगणात सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली होता, रात्री तिचं दावं सुटलं. सकाळी पाहिलं तर भिंतीकडे तोंड करून मान खाली घालून उभी, डावी कूस ढोलासारखी, दात कराकरा खात होती, खाली पातळ आंबूस वासाची हगवण. खायचा सोडा पाण्यात पाजला, तेल पाजलं, डॉक्टर दुपारी आले, सलाइन लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली, चार महिन्यांची गाभण होती. बायको दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून सुगीत रात्री झोपायच्या आधी मी टॉर्च घेऊन आठही दावे हातानं ओढून पाहतो. दाणा, भात, गहू, लग्नातलं उरलेलं अन्न, यातलं काहीच पोटभर देऊ नका, गायीला पण नाही.

दुधाच्या गुणाबद्दल लोक फार काही बोलतात. आमच्या वर्ध्यात दोन्ही परंपरा आहेत, सेवाग्रामात गांधीजी बकरीचं दूध घ्यायचे अन् शहरात गोरस भांडारचं गायीचं दूध अजून मिळते. बकरीच्या दुधातले चरबीचे कण बारीक असतात, साय जाड धरत नाही, दही पातळसर लागते, म्हणून तूप काढायचं असेल तर गायच. ज्याला दूध पचत नाही त्याला बकरीचं चालते म्हणतात, पण दूधसाखर दोन्हीत जवळपास सारखीच असते. डेंग्यूच्या दिवसात लोक माझ्याकडे मागतील तो भाव द्यायला येतात, मी नेहमीच्याच भावात देतो अन् सांगतो की यानं प्लेटलेट वाढतात याचा भरवसा नाही, आधी दवाखान्यात जा, अन् कच्चं पिऊ नका, उकळूनच प्या. तान्ह्या लेकराला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वरचं कोणतंच नको, बकरीच्या दुधात फोलिक अ‍ॅसिड पण कमी असते.

सरकारी योजनेत दहा बकऱ्या एक बोकडाचा गट मिळते, दोन दुधाळ जनावरांचा पण मिळते, अनुदान आहे, अर्ज जरूर करा. पण अनुदान जास्त ज्यात तेच घ्यायचं असं ठरवू नका, चारणारं माणूस योजनेत मिळत नाही.

मामेभावाला मी म्हटलं, तुझ्याकडे पाणी नाही अन् दोन टाइम बांधलेलं माणूस पण नाही, क्रॉस गाय तू घेऊ नको. चार बकऱ्या घे, बेरारीच घे, वहिनी वावरातून येताना पाल्याचा भारा आणेल, आईनं बसल्या जागी पाणी पाजलं तरी चालेल. बोकड पाळू नको, चार बकऱ्यांसाठी गावातल्या दुसऱ्याचा लाव, त्याचा वास पण दुधाला लागते. दोन वर्षांनी बोअरचं काही जमलं अन् नेपिअर उभा राहिला तर मग गायीचं बोलू. त्यानं चार म्हणता पाच घेतल्या, एक पाठ लेकीनं हट्ट करून घ्यायला लावली.

बकऱ्या बाजारातून घेऊ नका, दहा गावचा रोग तिथं एका दोरीला बांधलेला असते. ओळखीच्या घरून घ्या, अन् आणल्यावर तीन आठवडे जुन्यांपासून वेगळ्या बांधा. गाय घेत असाल तर संध्याकाळी जा, तुमच्या समोर पूर्ण पिळायला लावा, ते दूध मोजू नका, एका टाइमचं तुंबवून ठेवलेलं असू शकते. तिथंच मुक्काम करा अन् सकाळी स्वतः पिळून मोजा, चारही सडांची पहिली धार काळ्या कपड्यावर घेऊन गाठी दिसतात का पाहा, मग पैशाचं बोला.