धूर कुठे चाललाय? वर्ल्डव्ह्यू बघावं की स्लायडर

बे एरियातल्या ढोल-ताशा पथकांचा सराव ऑगस्ट-सप्टेंबरात रंगात येतो, आणि कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा मोसमही नेमका तोच. शनिवारी दुपारी पार्किंग लॉटमध्ये चाळीस जणांना बोलवायचं की सकाळीच ‘आज सराव नाही’ असा मेसेज टाकायचा, हे ठरवायला आमच्यातले बरेच जण आता उपग्रहाची चित्रं उघडून बसतात. बहुतेकांची धाव नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’कडे, कारण तिथली चित्रं देखणी असतात. माझं मत आधीच सांगते: निर्णय आजचा असेल तर वर्ल्डव्ह्यू राहू द्या, ‘स्लायडर’ उघडा. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही साध्या ब्राउझरमध्ये चालतात.

वर्ल्डव्ह्यूवरची रोजची चित्रं येतात ती ध्रुवावरून ध्रुवावर फिरणाऱ्या उपग्रहांकडून. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ साधारण ८३० किलोमीटर उंचीवरून जातात आणि ३७५ मीटरपर्यंतचा तपशील टिपतात. धूर कुठल्या दरीतून निघाला, कुठल्या डोंगराला अडला, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. पण त्यांची दिवसाची फेरी दुपारी दीडच्या आसपास, आणि चित्र हातात येईपर्यंत साधारण तीन तास आणखी जातात. तोवर समुद्राकडून वारा सुटलेला असतो आणि धुराने बाजू बदललेली असते. पंजाब-हरियाणातल्या पराळीबद्दल, म्हणजे कापणीनंतर शेतात जाळल्या जाणाऱ्या भाताच्या खुंटांबद्दल, २०२४ मध्ये वाद झाला तो यावरूनच: दुपारची फेरी होऊन गेल्यावर काडी लावली, तर ती आग या उपग्रहांच्या मोजणीत येतच नाही.

स्लायडर हे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ‘सीरा’ या संस्थेचं. त्यावर पश्चिमेकडचा गोज-१८ दिसतो. हा ३५,७८६ किलोमीटरवरून सतत एकाच बाजूला नजर लावून बसलेला उपग्रह. पृथ्वीच्या त्या संपूर्ण बाजूचं चित्र दर दहा मिनिटांनी, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागाचं दर पाच मिनिटांनी. तपशील भरड, बँडनुसार (म्हणजे कुठल्या प्रकारच्या प्रकाशात चित्र टिपलंय त्यानुसार) अर्धा ते दोन किलोमीटर, आणि कॅलिफोर्निया तिरका दिसत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही थोडा कमी. पण चित्रं जोडून चालवली की धुराची सोंड कुठे वळतेय ते डोळ्यांनी दिसतं. टोरंटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तिथेच पूर्वेकडचा गोज-१९ निवडावा. जून २०२३ मध्ये क्वेबेकचा धूर न्यूयॉर्कवर उतरला, तशा वेळी तो कामाचा.

धूर ओळखायला मात्र डोळा बसावा लागतो. ढग पांढरा, काठ असलेला. धूर मळकट, त्यातून खालची जमीन पुसट दिसते. शंका आली तर इन्फ्रारेड बँड लावा: उंचावरचे ढग तसेच राहतात, धूर बहुधा गायब होतो. आणखी एक, फारसं कुणी न सांगणारं: सूर्य आणि उपग्रह समोरासमोर आले की विरळ धूरही उजळून दिसतो. म्हणून आमच्याकडे सकाळी पश्चिमेकडचा गोज बघायचा आणि संध्याकाळी पूर्वेकडचा. भरदुपारी ‘आकाश साफ आहे’ असं चित्र सांगतं, त्यावर लगेच विश्वास टाकू नये.

घड्याळाचीही एक गंमत आहे. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, उन्हाळ्यात आमच्यापेक्षा सात तास पुढे. रविवारचे ००:३० असं लिहिलेलं चित्र आमच्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचचं असतं. पहिल्या वर्षी मी उद्याचं चित्र आजच मिळालं म्हणून हरखून ग्रुपवर टाकलं होतं. आणि अंधार पडल्यावर या रंगीत चित्रात धूर दिसत नाही, मग ते उघडून बसण्यात अर्थ नाही.

आता खरी अडचण. उपग्रह वरून बघतो आणि आपण खाली श्वास घेतो. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागले, आकाश नारिंगी झालं. वरून बघणाऱ्याला वाटावं, खाली श्वास घेणंही कठीण असेल. पण समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थराने धूर वरच रोखून धरला होता, आणि जमिनीलगतची हवा त्या दिवशी त्यामानाने बरी होती. खरी वाईट झाली ती पुढच्या दिवसांत, धूर खाली उतरल्यावर.

म्हणून स्लायडरच्या जोडीला ‘एअरनाऊ’ या अमेरिकी सरकारच्या हवा-गुणवत्तेच्या संकेतस्थळावरचा आग-धुराचा नकाशा हवाच. त्यावरचे गोल म्हणजे सरकारी मोजणी केंद्रं, चौकोन म्हणजे लोकांनी घरी लावलेले स्वस्त सेन्सर. त्यावरचे राखाडी पट्टे मात्र नोआ या अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेचे विश्लेषक उपग्रहचित्रं बघून आखतात, म्हणजे पुन्हा वरूनच. पट्टा गावावरून गेला म्हणून घाबरू नका, चौकोनातला आकडा, म्हणजे हवेचा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) बघा; तो जितका जास्त तितकी हवा वाईट.

पुढच्या काही तासांसाठी ‘एचआरआरआर-स्मोक’ हे धुराचा अंदाज सांगणारं संगणकी मॉडेल आहे, तीन किलोमीटरच्या चौकटींचं. त्यात दोन नकाशे असतात, एक जमिनीलगतचा आणि एक अख्ख्या हवेच्या थराचा. लोक हटकून दुसरा शेअर करतात, कारण तो जास्त लाल दिसतो. तुम्ही पहिला बघा. दुपारी आगीने अचानक उसळी घेतली तर मॉडेल मागे पडतं, तेवढं लक्षात असू द्या.

माझा शनिवार असा जातो: आठला सकाळच्या कोवळ्या उजेडातली पश्चिम गोजची चित्रफीत, मग मॉडेलचा जमिनीलगतचा नकाशा, साडेदहाला जवळच्या चार-पाच चौकोनांचे आकडे. शंभराच्या आत असले तर सराव. १०१ ते १५० मध्ये दमेकरी आणि मुलं घरी, बाकीच्यांचा अर्धाच तास, कारण ढोल बडवताना श्वास दुप्पट लागतो. १५१ ला सराव रद्द. कॅलिफोर्नियात उघड्यावर काम करणाऱ्यांना मालकाने मास्क द्यायचा आकडाही तोच आहे. मेसेज अकराच्या आत जायला हवा, बाराला ढोल व्हॅनमध्ये चढायला लागतात.