आयडीएलमधली विंडो-टू-विंडो कॉपी: जुनी आहे, पण कामाची एक नंबर

हा रिव्ह्यू अख्ख्या आयडीएलचा नाही, त्यातल्या एकाच सोयीचा आहे: एका विंडोत काढलेला प्लॉट उचलून दुसऱ्या विंडोत टाकणं. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं, पण सूर्याचा किंवा उपग्रहाचा डेटा दिवसभर स्क्रीनवर चाळत बसणाऱ्या माणसाचा अर्धा वैताग ह्या एका गोष्टीने जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयडीएल म्हणजे इंटरॅक्टिव्ह डेटा लँग्वेज, डेटा हाताळायची आणि त्याचे आलेख काढायची प्रोग्रॅमिंग भाषा. अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये डेव्हिड स्टर्न ह्यांनी १९७७ साली रिसर्च सिस्टिम्स नावाची कंपनी काढली, तिचं हे प्रॉडक्ट. नंतर मालक बदलत गेले आणि २०२३ पासून ते एनव्ही५ ह्या कंपनीकडे आहे. सोलर फिजिक्सवाल्यांचं सोलरसॉफ्ट (सूर्याच्या डेटासाठीचा प्रोग्रॅमचा संच) ह्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे पायथन कितीही पसरलं तरी हे सोडून चालत नाही.

आता मुद्द्याचं. विंडो कमांडला पिक्समॅप कीवर्ड दिला की स्क्रीनवर न दिसणारी एक विंडो मेमरीत तयार होते, तिच्यात तुम्हाला हवा तेवढा जड प्लॉट एकदाच काढून ठेवायचा, मग डब्ल्यूसेटने (चालू विंडो बदलणारी कमांड) दिसणाऱ्या विंडोवर यायचं आणि डिव्हाइस कमांडच्या कॉपी कीवर्डला सात आकडे द्यायचे. पहिले दोन मूळ चौकोनाचा खालचा डावा कोपरा (वरचा नाही, आयडीएलमध्ये शून्य खाली असतं), मग रुंदी-उंची, मग जिथे चिकटवायचं तिथला कोपरा, आणि शेवटचा आकडा म्हणजे ज्या विंडोतून उचलायचं तिचा नंबर. शेवटचा आकडा बघून नवीन मुलांना वाटतं की तिकडे पाठवायचंय, तसं नाही, कॉपी नेहमी चालू विंडोत येते.

फायदा बघायचा असेल तर उदाहरण घ्या. गोज ह्या अमेरिकन हवामान उपग्रहाने मोजलेला सूर्याचा एक्स-रे फ्लक्स (किती एक्स-रे येतायत ते), सेकंदाला एक रीडिंग, म्हणजे एका दिवसाचे ८६,४०० पॉइंट. त्याच्यावर माऊसबरोबर सरकणारी उभी रेघ हवी आहे, फ्लेअर (सूर्यावरचा स्फोट) कधी सुरू झाला ते बघायला. प्रत्येक हालचालीला सगळा प्लॉट परत काढला तर विंडो फडफडते, डोळे दुखतात. दुसरा जुना उपाय म्हणजे एक्सओआर मोड (खालच्या पिक्सेलचे बिट उलटवून रेघ काढणं), ग्राफिक्स फंक्शन ६ वर ठेवून तीच रेघ परत काढली की ती पुसली जाते, चालतं पण जिथे रेघ कर्व्हला छेदते तिथे रंग भलताच होतो आणि नेमकं तिथेच आपल्याला बघायचं असतं. कॉपीवाला मार्ग स्वच्छ आहे: जुन्या रेघेच्या जागी पिक्समॅपमधली तेवढीच पट्टी आणून टाकायची. ८०० बाय ६०० च्या विंडोत ४,८०,००० पिक्सेल असतात, पण ३ पिक्सेल रुंद पट्टी फक्त १,८०० पिक्सेलची. रेघ माऊसला चिकटून पळते, जराही लटपटत नाही. अख्खी विंडो कॉपी केली तरी चालतं म्हणा, पण पट्टीची सवय लावा.

रिमोट मशीनवर काम करणाऱ्यांना तर मी हेच सांगेन. टीव्हीआरडी कमांडने विंडो वाचायची आणि टीव्ही कमांडने दुसरीकडे काढायची असं बरेच जण करतात, आणि साध्या एक्सवर (लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा) एसएसएचमधून (दूरच्या मशीनशी जोडणी) ते केलं की ८०० बाय ६०० च्या रंगीत चित्राचे साधारण १.४ एमबी एकदा तिकडे जाणार आणि परत इकडे येणार. पिक्समॅप मात्र एक्स सर्व्हरच्या मेमरीत असतो, म्हणजे तुमच्या समोरच्या मशीनवर, त्यामुळे कॉपीची फक्त छोटीशी आज्ञा नेटवर्कवरून जाते, पिक्सेल जागच्या जागी हलतात. स्लो कनेक्शनवर हा फरक लगेच कळतो.

पिक्समॅपऐवजी दिसणाऱ्या विंडोतूनच उचलणार असाल तर विंडो कमांडचा रिटेन कीवर्ड २ वर ठेवा, नाहीतर वर दुसरी विंडो आलेली असेल तर झाकलेला भाग कोरा किंवा कचरा येऊ शकतो.

आता जिथे मला खरंच तक्रार आहे ते. कॉपी होतात फक्त पिक्सेल. प्लॉटचे अक्ष, लॉग स्केल, डेटा कोऑर्डिनेट ह्यातलं काहीही बरोबर येत नाही, ते सगळं !एक्स, !वाय, !पी ह्या ग्लोबल सिस्टिम व्हेरिएबलमध्ये असतं आणि तिथे शेवटच्या प्लॉटचीच माहिती राहते. डब्ल्यूसेट केल्यावर विंडो बदलते, हे व्हेरिएबल बदलत नाहीत! म्हणजे डावीकडे फ्लक्सचा कर्व्ह, उजवीकडे झूम केलेला तुकडा, तुम्ही परत डावीकडे येऊन क्लिक केलंत तर कर्सर कमांड निमूटपणे उजवीकडच्या अक्षाने वेळ सांगते, एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडा दिसायला व्यवस्थित आणि पूर्ण चुकीचा. म्हणून प्रत्येक प्लॉटनंतर तिन्ही व्हेरिएबल त्या विंडोच्या नावाने जपून ठेवा आणि डब्ल्यूसेटनंतर परत भरा, हे ऐच्छिक समजू नका. आणि वाय अक्ष लॉग असेल तर !वायच्या सीरेंजमध्ये (अक्षाची सुरुवात-शेवट) मूल्य नाही, त्याचा लॉग असतो, झूमची रेंज तिथून घेताना १० चा घात करायचा.

साइजचंही तेच, कॉपी चित्र लहानमोठं करत नाही, दुसरी विंडो छोटी असेल तर सरळ कापलं जातं. रिसाइझ केलंत की पिक्समॅप नवा करून प्लॉट परत काढायचा, आणि जुना डब्ल्यूडिलीटने काढून टाकायचा, नाहीतर मेमरी भरत राहते.

२०१० मध्ये आयडीएल ८.० आलं आणि जुन्या प्लॉट कमांडच्या जोडीला नवं प्लॉट फंक्शन आलं. दिसायला छान, फॉन्ट छान, एकदा काढलेला कर्व्ह नंतर बदलता येतो, कॉपीविंडो मेथडने चित्र ॲरेमध्ये मिळतं. पण पटपट पुसून परत काढायच्या कामाला ते मला जड वाटतं, त्यामुळे लाईव्ह विंडोसाठी मी जुनं डायरेक्ट ग्राफिक्सच, म्हणजे वरच्या सगळ्या जुन्या कमांड, वापरतो.

मॅटलॅब (असंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणारे म्हणतील आमच्याकडे कॉपीऑब्ज कमांड आहे, आणि खरंच, जिवंत अक्ष दुसऱ्या फिगरमध्ये नेण्यात ते कितीतरी पुढे आहे, डेटासकट जातं, फक्त लेजंड आणि अक्ष एकाच कॉलमध्ये द्या आणि २०१४बी आवृत्तीपासून कॉलबॅक (क्लिक वगैरेवर चालणारा कोड) आपोआप बरोबर जात नाहीत हे लक्षात ठेवा. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये एकच आर्टिस्ट (रेघ, अक्ष असा चित्रातला घटक) दोन फिगरमध्ये टाकायला गेलात तर ते सरळ नकार देतं, तिथे ब्लिटिंग (जपलेलं बॅकग्राउंड परत टाकून फक्त बदलणारा भाग काढणं) आहे, तत्त्व आयडीएलच्या पिक्समॅपचंच, पण बॅकग्राउंड कधी पकडायचं, कधी परत टाकायचं ही जुळवाजुळव जास्त.

पेपरसाठी मात्र स्क्रीनवरून काहीच कॉपी करू नका. पोस्टस्क्रिप्ट (पीएस, छपाईची फाइल बनवणारं) डिव्हाइसला विंडो नसतातच, तेव्हा प्लॉटचा कोड एका प्रोसिजरमध्ये ठेवा, तीच पिक्समॅपवरही चालवा आणि पीएसवरही.

लायसन्स महाग आहे, फक्त ह्या सोयीसाठी कोणी घेऊ नका. तुमच्या संस्थेकडे आधीच असेल तर आजच वापरा, नसेल तर जीडीएल, आयडीएलचा मुक्त पर्याय, फुकट आहे, जुन्या डायरेक्ट ग्राफिक्सचा बराच भाग त्यात चालतो, फक्त तुमचा कोड त्यात एकदा पूर्ण चालवून, कर्सरने चार-पाच ओळखीच्या पॉइंटवर क्लिक करून आकडे बरोबर येतायत ना ते तपासूनच पुढे जा.