डर्मोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निपाणी-चिक्कोडी भागातल्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात 10 पट मोठे दाखवणारा, हातात धरायचा डर्मोस्कोप (त्वचा तपासण्याचे प्रकाश असलेले भिंग) गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरात आहे. पोलराइज्ड (त्वचेवरची चकाकी टाळणारा) आणि साधा असे दोन्ही प्रकाश असलेलेच उपकरण घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण साध्या प्रकाशात त्वचेच्या वरच्या थरातले केराटिनचे (त्वचेतल्या कठीण प्रथिनाचे) ठिपके स्पष्ट दिसतात, तर कोलॅजनच्या (त्वचेच्या आतल्या तंतूंच्या) चकाकत्या पांढऱ्या रेषा केवळ पोलराइज्ड प्रकाशातच दिसतात.

सर्वाधिक उपयोग झाला तो तळपायांसाठी. इकडे उसाच्या आणि भाताच्या शेतात अनवाणी राबणारी माणसे पायावरचा काळा डाग काटा मोडल्याचा किंवा कुरुपाचा समजून वर्षानुवर्षे अंगावर काढतात, आणि सावळ्या त्वचेत मेलॅनोमा (रंगपेशींचा घातक कर्करोग) प्रामुख्याने तळपाय, तळहात व नखांखालीच होतो. तळव्याची त्वचा शेतातल्या सरी-वरंब्यांसारखी असते; साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो, तर मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर पसरतो. टाच राठ झाली असेल आणि सरी कोणती हे कळत नसेल, तर मी फाउंटन पेनच्या शाईचा थेंब लावून तो पुसून घेते. शाई सरीत राहते आणि वरंब्यावर घामाच्या रंध्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसू लागतात. खानापूरकडच्या एका मावशी “डॉक्टरीणबाई, नुसता काटा हाय, कोरून काढा” म्हणत आल्या होत्या, पण रंग सरळ वरंब्यांवर होता. कोरण्याऐवजी बायोप्सी घेतली, मेलॅनोमा निघाला, आणि त्याची जाडी 1 मिलिमीटरपेक्षा कमी असल्याने भोवतालची 1 सेंटिमीटर निरोगी त्वचा धरून केलेल्या शस्त्रक्रियेत पाय शाबूत राहिला.

चेहऱ्यावरच्या काळपट बेसल सेल कार्सिनोमात (त्वचेच्या एका सामान्य कर्करोगात) निळसर-करडे पुंजके आणि झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या इतक्या ठळक दिसतात की त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स या त्वचेच्या कर्करोगाच्या दुर्मीळ गाठीच्या बाबतीत मात्र उपकरणाची मर्यादा लक्षात येते. खांद्यावर कीलॉइड (जखमेच्या व्रणाची वाढलेली गाठ) म्हणून अन्यत्र दोनदा काढलेली आणि दोन्ही वेळा परत आलेली गाठ घेऊन एक गृहस्थ आले. भिंगातून गुलाबी पार्श्वभूमी, पुसट तपकिरी जाळी आणि पांढऱ्या रेषा दिसल्या, परंतु ही चिन्हे इतर गाठींतही आढळतात. खरा संशय आला तो बोटांना लागलेल्या, दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे सरकलेल्या कठीणपणामुळे. अशा वेळी वरवरचा तुकडा घेऊन भागत नाही, बायोप्सी त्वचेखालच्या चरबीपर्यंत गेली पाहिजे. या गाठीच्या पेशींवरचे प्रथिन ओळखणारी सीडी34 तपासणी पॉझिटिव्ह आली. हा अर्बुद शरीरात दूरवर क्वचितच पसरतो, पण आजूबाजूच्या ऊतींत मुळांसारखा घुसतो, म्हणून त्याला साधारण 2 ते 4 सेंटिमीटर कडा ठेवून खालच्या फॅशियासह (स्नायूंवरच्या आवरणासह) काढतात, किंवा जेथे सोय आहे तेथे मोह्स पद्धतीने थरागणिक सूक्ष्मदर्शकाखाली तपासत काढतात. बेळगावच्या सर्जननी कडा स्वच्छ असल्याचा अहवाल येईपर्यंत जखम कायमची झाकली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आधीच फ्लॅप (शेजारच्या त्वचेचा तुकडा) फिरवून जखम झाकली असती, तर राहिलेली गाठ नेमकी कुठे आहे हे शोधणे अवघड झाले असते. परतण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत अधिक असल्याने त्या गृहस्थांना मी ठरावीक काळाने बोलावते.

काही व्यावहारिक बाबी. काच जोरात दाबली की रक्तवाहिन्या फिक्या पडून नाहीशा होतात, म्हणून अल्ट्रासाऊंडचे जेल लावून हलकेच टेकवावी. उघड्या जखमेवर ती टेकवूच नये, पोलराइज्ड प्रकाशात अंतरावरूनही पुरेसे दिसते. मोबाइलला जोडायची खोबण सैल असल्याने फोटो हलतात, ही माझी मुख्य तक्रार आहे, कारण बायोप्सीच्या तुकड्याबरोबर तो फोटो पाठवला, की तुकडा नेमका कुठे कापून पाहायचा हे पॅथॉलॉजिस्टना ठरवता येते.